हॉलची चावी आणि चिठ्ठ्यांचा डबा: आमच्या पाळकांना आणि पंच कमिटीला खुलं पत्र

ख्रिस्तामध्ये आदरणीय पाळकसाहेब आणि पंच कमिटीचे सर्व सभासद,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर नेहमीप्रमाणे सूचना वाचल्या गेल्या. महिला मंडळाची सहल, दफनभूमीच्या भिंतीची वर्गणी, एका बाळाचा बाप्तिस्मा आणि चौथी सूचना अशी: शुक्रवारची संवाद बैठक यापुढे मंडळीच्या हॉलमध्ये होणार नाही. पाचवी सूचना सापडलेल्या छत्रीची होती. छत्री कोणत्या रंगाची, कितव्या बाकाखाली मिळाली, मूठ कशी तुटली आहे, सगळं सांगून झालं. सहा वर्षं चाललेली बैठक का बंद केली, तेवढं सांगायचं राहिलं.

या विषयावर मी तुम्हाला बंद पाकिटातून दोन पत्रं दिली. दोन्हींची पोच ऑफिसात सही करून घेतली आहे. उत्तर आलं नाही, म्हणून हे तिसरं खुलं लिहिते आहे. मंडळीचं नाव मुद्दाम घालत नाही. आपल्या घरातलं भांडण आहे, पण पुण्यातल्या आणखी चार मंडळ्यांत हेच चालू असल्याचं कानावर येतं, तेव्हा ते चव्हाट्यावर आलं तर बिघडणार नाही.

मला तुम्ही सगळेच ओळखता, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. वय एकसष्ट. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. बाप्तिस्मा याच मंडळीत, दृढीकरण इथेच, लग्न इथेच. बावीस वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेतली. आज कमिटीवर बसलेल्यांपैकी तिघांना दहा आज्ञा मी पाठ करून घेतल्या आहेत, आणि त्यातल्या एकाला आठवी अजूनही नीट येत नाही असा माझा संशय आहे. (थट्टा आहे. रागावू नका.)

पाच वर्षांपूर्वी माझे यजमान आजारी होते. अकरा महिने. मंडळीने प्रार्थना केली, डबे पाठवले, रात्री दवाखान्यात बसायला माणसं आली. ते ऋण मी विसरलेले नाही. पण शेवटच्या आठवड्यात वॉर्डाबाहेरच्या बाकावर मंडळीतले एक वडीलधारे माझ्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, कुठेतरी विश्वास कमी पडतोय." त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. यजमान प्रभूमध्ये निद्रा पावले, आणि त्यानंतर सात महिने मी उपासनेत विश्वासांगिकाराच्या, म्हणजे 'मी विश्वास ठेवतो' असं सगळ्यांनी मिळून म्हणायच्या, वेळी नुसते ओठ हलवले. आवाज काढला नाही. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून धरलं, पण गाणं गळ्यातून बाहेर पडेना.

शुक्रवारच्या बैठकीला मला शेजारीण घेऊन गेली. तिथे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं की माझा देवावर राग आहे. कोणी वचन फेकून मारलं नाही. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी चहाची बशी माझ्याकडे सरकवली आणि एवढंच म्हणाले, "ईयोब बेचाळीस, सातवं वचन. घरी जाऊन वाचा." वाचलं. ईयोब म्हणजे बायबलमधला तो भला माणूस, ज्याचं सगळं गेलं आणि मित्र म्हणत राहिले की दोष तुझाच. देव रागावलेला आहे तो ईयोबावर नव्हे, त्याच्या मित्रांवर. देवाची बाजू इतके अध्याय सांभाळून मांडणाऱ्या मित्रांना तो सांगतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आणि ईयोब काय बोलला होता? भांडला होता, जाब विचारला होता. बावीस वर्षं मी मुलांना ईयोब शिकवला. गळवं आणि धीर, इथपर्यंत. बेचाळिसाव्या अध्यायात शेवटी सगळं दुप्पट मिळालं एवढं सांगून घंटा वाजवायची. सातवं वचन मी कधी फळ्यावर लिहिलं नाही.

तेव्हा तुम्ही बंद केलेली बैठक ही माझ्यासाठी फावल्या वेळाची चर्चा नाही. मी मंडळीत राहिले ती तिच्यामुळे.

जे कधी आले नाहीत त्यांच्यासाठी ती कशी चालते ते सांगते. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता खुर्च्या गोल मांडायच्या. बारा ते वीस माणसं. मधे टीपॉयवर पत्र्याचा एक जुना बिस्किटांचा डबा, झाकणावर ताजमहालाचं चित्र, तेही निम्मं खरवडलेलं. त्यात आठवडाभर कोणीही नाव न घालता चिठ्ठी टाकायची. एक चिठ्ठी उघडायची, एकाने वाचायची. जो वाचतो त्याने पहिल्यांदा बोलायचं नाही, हा नियम. चिठ्ठी फाडायची नाही, हा दुसरा. आणि शेवटी कोणीही "तर मंडळी, तात्पर्य असं" म्हणून आवरतं घ्यायचं नाही, हा तिसरा. हा तिसरा नियम पाळणं आम्हाला सगळ्यात जड गेलं. आपल्याला संदेशाची सवय, तीन मुद्दे आणि प्रार्थना. पहिलं वर्षभर कोणीतरी दर वेळी तात्पर्य सांगायला उठायचं आणि बाकीचे हाताने खाली बसवायचे.

आमचंही सगळं छान होतं असं नाही. एका शुक्रवारी आयटीतल्या एका हुशार मुलाने ल्योतार नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञावर पाऊण तास भाषण दिलं. दोन आजी झोपल्या आणि चहा गार झाला. दोनदा वाद इतका चढला की माणसं जय ख्रिस्त न म्हणता निघून गेली. एका आठवड्यात मी स्वतः एका तरुण मुलीला शाळेतल्यासारखी झापली आणि पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. हे दोष तुम्ही आम्हाला दाखवले असते तर आम्ही मान खाली घालून ऐकलं असतं.

पण तुम्ही शब्द वापरलात 'पोस्टमॉडर्न'. कमिटीच्या बैठकीत तो शिवीसारखा वापरला गेला, असं तिथे हजर असलेल्यांनीच मला सांगितलं. म्हणे हे पोस्टमॉडर्न खूळ आहे, सत्य वगैरे काही नसतंच असं मानणारं, अमेरिकेतून आलेलं. आता त्या झोपवणाऱ्या भाषणातलं मला जेवढं कळलं तेवढं सांगते. ल्योतारने १९७९ साली म्हटलं की महाकथनांवरचा विश्वास उडणं, ही या काळाची खूण आहे. महाकथन म्हणजे सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी आपल्या पोटात घालणारी एकच मोठी गोष्ट. ती कोणी सांगितली, कोणाच्या सोयीने सांगितली आणि तिच्यात कोणाला जागाच मिळाली नाही, हे विचारायचं. उत्तर-आधुनिक म्हणतात ते यालाच. यातून कोणी "सत्य नाहीच" इथवर जातात हे खरं. आम्ही नाही गेलो. येशू उठला यावर माझा विश्वास आहे, आणि आता मी ते मोठ्याने म्हणते. पण त्याचा अर्थ मला पुरता कळला आहे, माझ्या हातात आला आहे, मी मूठ मिटली आहे, असं मात्र मी म्हणणार नाही.

आणि कोणाच्या गोष्टीत कोणाला जागा मिळाली, हा प्रश्न आपल्याला फ्रान्सकडून उसना घ्यावा लागत नाही. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातले. १८९९-१९०० च्या दुष्काळात ख्रिस्ती झाले. मिशनच्या गोष्टीत ते अंधारातून उजेडात आलेले. गावाच्या गोष्टीत ते पोटासाठी बाटलेले. आमच्या आजीच्या गोष्टीत ते विहिरीवरून हाकलले गेल्यावर तीन दिवस गप्प राहिलेले आणि चौथ्या दिवशी उठून मिशनच्या कंपाउंडकडे चालू लागलेले. सरकारच्या गोष्टीत तर ते नाहीतच: १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी केली ती हिंदूंपुरती, पुढे १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध आत आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. एका माणसाच्या चार गोष्टी. यातली एकच खरी धरून बाकीच्या पुसा म्हणालात तर मी कोणती धरू? शुक्रवारी आम्ही चारही समोर ठेवल्या होत्या. त्या रात्री कोणालाच घरी जावंसं वाटत नव्हतं.

आता 'परकं खूळ' या आरोपाकडे येते. पाळकसाहेब, मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी हा आरोप शोभत नाही. आपली सुरुवातच विचारणाऱ्यांपासून झाली आहे.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. पुढची दोन वर्षं या दोघींची पत्रं वाचा, घाम फुटतो. रमाबाई त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवर) प्रश्न विचारतात, चर्चचा अधिकार का मानायचा ते विचारतात, क्रॉसवर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, हेही विचारतात. १८८५ च्या एका पत्रात त्या स्वच्छ लिहितात की पुरोहितांचं एक जोखड मी मोठ्या कष्टाने नुकतंच उतरवलं आहे, तसंच दुसरं मानेवर घ्यायला मी तयार नाही. सिस्टर रागावल्या, दुखावल्या. रमाबाई ख्रिस्ताला सोडून गेल्या का? त्यांनी केडगावला निराधार बायकांसाठी 'मुक्ती' मिशन उभं केलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या, छापील ग्रंथ १९२४ ला आला. आपण दर वर्षी बस करून केडगावला जातो, तिथे फोटो काढतो. त्या बाई आज आपल्या हॉलमध्ये शुक्रवारी आल्या असत्या तर चौथ्या सूचनेत त्यांचाही निकाल लागला असता.

रेव्हरंड टिळकांबद्दल मी तुम्हाला काय सांगावं? त्यांची गीतं गाऊन तर आपली उपासना होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, वीसेक वर्षं मिशनचं काम केलं आणि १९१७ मध्ये ते काम सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही बसायला जागा होती. दोन वर्षांत ते गेले, दरबार फार टिकला नाही. पण कल्पना बघा, आणि साल बघा. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्या अडखळत, भांडत, सोवळं एकेक पदराने सोडत आपल्या चालीने चालत होत्या. 'स्मृतिचित्रे' तुमच्या घरात असेलच. बाईंना कोणी म्हटलं असतं की आधी इथे सही करा, मग आत या, तर मराठीचं किती नुकसान झालं असतं!

पुण्यातही याची जागा नवी नाही. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात १९७२ पासून अँग्लिकन आणि कॅथलिक सिस्टर एकत्र राहिल्या, इतर धर्मांच्या माणसांबरोबर बसल्या. कॅथलिक चर्चने तर २०२१ ते २०२४ अशी तीन वर्षं जगभर सिनड, म्हणजे धर्मसभा, चालवला आणि ठिकठिकाणच्या साध्या माणसांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. सिनड हा शब्द आपल्याही कानांना परका नाही. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ एकत्र वाट चालणं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात ख्रिस्ती हे नाव मिळण्याआधी आपल्या लोकांना 'मार्गा'चे लोक म्हटलं आहे. आणि त्याच पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात मंडळीतला पहिला मोठा वाद आहे: यहुदी नसलेल्या नव्या विश्वासणाऱ्यांना सुंता हवी की नको. दारं लावून कोणी सूचना काढली नाही. खूप वादविवाद झाला असं तिथे लिहिलंय. मग पत्र गेलं: पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं. 'आणि आम्हाला'. हे दोन शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. आत्म्याबरोबर माणसांचीही मोजणी झाली, तीही बोलून झाल्यावर.

आता माझ्या तक्रारी, एकेक करून.

पहिली पद्धतीची. सहा वर्षं बैठक चालवणाऱ्यांपैकी एकालाही कमिटीने बोलावलं नाही. आरोप काय, कोणी केला, कोणत्या शुक्रवारचं कोणतं वाक्य खटकलं, काहीच कळवलं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात भावाचा अपराध दिसला तर आधी एकांतात जाऊन त्याला सांग असं आहे. इथे आम्हाला छत्रीच्या आधी सांगण्यात आलं.

दुसरी सहीची. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे एक छापील कागद ठेवला गेला. 'मंडळीच्या शिकवणीबाबत मी कोणतीही शंका उपस्थित करणार नाही.' पाच जणांनी सही केली. दोघींनी नाही केली, त्यांचे वर्ग काढून घेतले. त्या दोघींमधली एक माझी विद्यार्थिनी. तिने शंकेमुळे सही नाकारली नाही, ती म्हणाली, "बाई, उद्या मुलाने काही विचारलं तर मी काय, कान बंद करू?" प्रेषितांचा विश्वासांगिकार आम्ही सगळे दर रविवारी म्हणतो. त्याच्यावर हा नवा कागद कोणी आणि कोणत्या अधिकाराने चढवला?

तिसरी बाहेरच्यांची. बैठकीला दोन-तीन हिंदू शेजारी आणि एक बौद्ध ताई यायच्या. तुम्हाला त्याची भीती वाटली, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. दिवस असे आहेत की प्रार्थनेला कोण बसलं यावरूनही कोणी तक्रार घेऊन चौकीवर जाऊ शकतं. ते तुम्ही आम्हाला मोकळेपणाने सांगायला हवं होतं. आपण मिळून वाट काढली असती. पण आडून कानावर आलं ते कारण वेगळंच, की बाहेरच्यांबरोबर चहापाणी करून आपली मुलं बिघडतात. अहो, चहावरून हे शहर एकदा हसं झालं आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळी चहा प्यायली म्हणून सनातन्यांनी त्यांना प्रायश्चित्तापर्यंत नेलं. तेव्हा चहा आपण दिला होता. आज किटली आपलीच आणि प्रायश्चित्त मागणारेही आपणच?

चौथी तक्रार लिहिताना हात थांबतो. बैठक बंद व्हायच्या आदल्या शुक्रवारी डब्यातून एक चिठ्ठी निघाली. वहीच्या चौकटीच्या कागदावर, हिरव्या शाईने, लहान मुलाच्या वळणाचं अक्षर. 'आपल्यात लग्न ठरवताना आडून आडून जात का विचारतात?' वाचून झाल्यावर बराच वेळ पंख्याचाच आवाज येत होता. मग एक जण बोलला, मग दुसरी. कोणाच्या पणजोबांचं गाव कोणतं, आडनाव कोणी का बदललं, कोणाचं ठरत आलेलं लग्न कशावरून फिसकटलं. नावं घेतली नाहीत, पण बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. पुढच्या मंगळवारी कमिटी बसली आणि रविवारी सूचना आली. या दोन्हींचा संबंध नाही असं तुम्ही म्हणालात तर मी विश्वास ठेवीन, पण म्हणा तरी. ती चिठ्ठी कोणा मुलाने टाकली हे शोधायचा प्रयत्न झाला असंही ऐकलं. तो मात्र ताबडतोब थांबवा. ही विनंती नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. बैठक बंद करण्याचा ठराव कारणांसकट लेखी द्या. मंडळीची सर्वसाधारण सभा बोलवा, तिच्यात दोन्ही बाजू ऐका, आणि तोपर्यंत शुक्रवारी दोन तास हॉल उघडा ठेवा. विजेचे पैसे आम्ही आधीही देत होतो, पुढेही देऊ. शिक्षकांकडून घेतलेला कागद परत घ्या आणि त्या दोघींना त्यांचे वर्ग द्या. बाहेरच्या माणसांबाबत काही नियम हवा असेल तर आम्हाला बरोबर घेऊन करा. आणि पाळकसाहेब, तुम्ही स्वतः एका शुक्रवारी या. संदेश द्यायला नको, नुसते बसायला. सहा वर्षांत तुम्ही एकदाही आला नाहीत, आणि आम्हीही तुम्हाला नीट बोलावलं नाही, हा दोष निम्मा आमचा. सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं तयार ठेवायची, हे ओझं तुमच्या एकट्याच्या खांद्यावर आम्हीच टाकलेलं आहे. येशू वधस्तंभावर गेल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर निघालेल्या त्या दोघा शिष्यांनाही उत्तर माहीत नव्हतं. ते निराश होऊन आपसात बोलत चालले होते, आणि तिसरा, उठलेला येशूच, त्यांच्यात येऊन मिळाला तो आधी विचारतच: तुम्ही चालता चालता कशाबद्दल बोलताय?

आम्ही मंडळी सोडून जाणार नाही. वेगळी मंडळी काढणार नाही. तो पुण्यातला जुना रोग आहे. वर्गणी बंद करणार नाही. रविवारी नेहमीच्या बाकावर असू. हॉल मिळेपर्यंत शुक्रवारी सात वाजता माझ्या घरी बसतो आहोत, तिसरा मजला, लिफ्ट बहुतेक वेळा बंद असते, खुर्च्या कमी पडतात म्हणून सतरंजी घातली आहे.

एक काम मात्र लगेच करा. सूचना आली त्या दिवशी वॉचमनकाकांनी हॉलला कुलूप लावलं आणि आमचा डबा आतच, पेटीच्या शेजारी राहिला. तो कोणाबरोबर तरी पाठवून द्या. त्यात अजून चार चिठ्ठ्या आहेत, आम्ही उघडलेल्या नाहीत. तुम्हीही उघडू नका.

तुमची,
मंडळीची एक सभासद आणि शब्बाथ शाळेची जुनी बाई
पुणे